भरल्या पोटाचे किडे

मला पालीची किळस वाटते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या मजकुरात कुणी माझी मर्दुमकी शोधायला नको. भिंतीवर पाल दिसली की मी खोली बदलतो आणि शुभदा, म्हणजे माझी बायको, झाडू घेऊन तिची बोळवण करेपर्यंत परत येत नाही. अशा माणसाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एका सकाळी काचेच्या पेटीत बसून एक पाल राहायला आली. पेटी छातीशी धरून जिना चढत होते बोरस्ते साहेब, आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

कारण बोरस्ते साहेबांचा आणि किड्यामुंग्यांच्या जगाचा छत्तीसचा आकडा. दिनकरराव बोरस्ते म्हणजे द्राक्षांचे डॉक्टर. आमच्याकडे माणसाला एक वेळ डॉक्टर नसला तरी चालतं, बागेला लागतोच. छाटणीपासून माल उतरेपर्यंत कुठल्या दिवशी कुठलं औषध मारायचं, किती मारायचं, कधी थांबायचं, हे तो सांगतो. निफाडपासून दिंडोरीपर्यंत बोरस्ते साहेबांचा शब्द शेवटचा. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी भिंग. बागेत शिरले की ओळीतून चालत जायचे, मध्येच थांबायचे, एखादं पान उलटं करून त्याला भिंग लावायचे. मागून येणारा शेतकरी तेवढा वेळ श्वास रोखून उभा.

"वरून सगळ्याच बागा हिरव्या दिसतात," ते म्हणायचे. "पान उलटून बघा."

ही खोड बागेपुरती राहिली नव्हती. मखमलाबाद रोडवर भाजीच्या गाडीशी उभे राहून ते मेथीची जुडी उलटी करायचे, नाकाशी न्यायचे आणि भाजीवाल्याला विचारायचे, "काल सांजच्याला मारलंय ना रे?" तो बिचारा "नाय साहेब, लय दिस झाले," म्हणत गाडी पुढे ढकलायच्या तयारीत. सोसायटीत नवा भाडेकरू आला आणि मी म्हटलं, माणूस बरा दिसतो, तर म्हणाले, "दिसू द्या. पान उलटल्यावर बोलू." घरी मात्र द्राक्षाचा मणी आणत नसत. विचारलं तर हसून सांगायचे, "हलवाई कधी पेढे खातो का, सर?" मी निवृत्त गणितमास्तर, म्हणून सगळ्यांचा सर.

पण औषधांवर त्यांची श्रद्धा होती. हो, श्रद्धाच म्हणतो. आपल्याकडे फवारायच्या विषाला औषधच म्हणतात, आणि ते तर अगदी मनापासून म्हणायचे. त्यांचं म्हणणं एकच, औषध वाईट नसतं, घाई वाईट असते. मारल्यावर ठरलेले दिवस जाऊ द्या, दिवस पुरे झाले की माल निर्धोक. त्यांच्या सल्ल्यावर पिकलेला माल परदेशातून कधी परत आला नाही. या गोष्टीचा त्यांना ताठा होता, आणि तो खोटा नव्हता.

तर पाल. ती त्यांच्या मुलीची, मीनलची. बोरस्तेवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मीनल एकुलती एक. शाळेत विज्ञान शिकवायची, नवऱ्याबरोबर पाथर्डी फाट्याकडे राहायची. तिने रीतसर कागदपत्रं करून ही आफ्रिकेकडची पाल पाळली होती. तपकिरी पट्ट्यांची, संथ, आणि शेपूट एवढी जाड की रताळंच चिकटवलंय असं वाटावं. म्हणून नाव रताळ्या. साहेबांनी तिला नाना तऱ्हेने सुनावून पाहिलं होतं. "लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. आमच्या घरात पाल!" असं मलाही दहादा ऐकवलं होतं.

मग पावसाळ्यात मीनल सारखी तापाने पडायला लागली आणि तपासण्यांत रक्ताचा आजार निघाला. उपचार सुरू झाले. त्या उपचारांत अंगातली लढायची ताकदच निघून जाते, साधा जंतूसुद्धा जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोष्टी विचारल्या, त्यात रताळ्याचं नाव निघालं. असल्या प्राण्यांच्या अंगावर जंतू असतात, पेटी आजच्या आज घराबाहेर काढा, म्हणाले. कुणाला तरी देऊन टाकू, असं जावयाने सुचवलं. मीनल रडली. आजार कळला तेव्हा रडली नव्हती, तेव्हा रडली.

"कुणाला द्यायचा नाही. माझ्याकडे दे," साहेब म्हणाले. "तू बरी होऊन न्यायला ये. तोवर त्याचं मी बघतो."

हा शब्द देऊन ते जिना चढले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात दुसरं काही उरलं नाही. मीनल बरी होईपर्यंत रताळ्याला जगवायचं. मनात त्यांनी याच्या उलटही काही बांधलं असावं, की रताळ्या जगला तर मीनल जगेल. तसं बोलले कधीच नाहीत. पण पेटीत डोकावताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी किळस विसरून दारात उभा राहायचो.

शिकवणी फोनवर चालायची. मीनल दवाखान्याच्या पलंगावर, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि इकडे साहेब फोन पेटीला टेकवून उभे.

"बाबा, दुकानातल्या पिठातल्या अळ्या म्हणजे फरसाण. त्याला आवडतात, पण रोज नाही द्यायच्या, नुसती चरबी. मेणअळ्या म्हणजे गुलाबजाम, सणासुदीला एखादी. रोजची भाजीभाकरी म्हणजे रातकिडे."

"आणि ते झुरळांचं काय म्हणत होतीस?"

"ती वेगळी झुरळं असतात, पाळायची. खूप चांगली असतात त्याला."

"मीनल, मी झुरळं पाळली तर तुझी आई वरून खाली येईल."

ती हसायची. तिला हसवलं की साहेबांचा तो दिवस वसूल.

"आणि किडा उपाशीपोटी टाकायचा नाही," ती बजावायची. "किड्याने जे खाल्लं तेच रताळ्याच्या अंगी लागतं. आदल्या दिवशी किड्यांना नीट जेवू घाला, मग त्याच्यापुढे ठेवा."

"म्हणजे आधी त्यांचं केळवण करायचं!"

आणि खरोखर केळवणं सुरू झाली. ज्या माणसाने जन्मभर किडे मारायचे बेत आखले, तो सकाळी उठून रातकिड्यांसाठी गाजर किसायला लागला. सोसायटीच्या कुंपणाजवळच्या शेवग्याचा पाला, रताळ्यांच्या फोडी, पपईची साल. पालक मात्र नाही, त्यात कॅल्शियम अडकून राहतं म्हणे. बागेत विरळणीला, म्हणजे घडातले मणी कमी करायला, सुरगाण्याकडच्या बायकांची टोळी यायची, तिच्याकडून नागली, म्हणजे नाचणी, मागवली आणि तिचं पीठ डब्यात ठेवलं. नागली कुणासाठी असं बायकांनी विचारलं तेव्हा हे सरळ "किड्यांसाठी" म्हणून बसले. "साहेबाला येड लागलं," म्हणत त्या हसून हसून बांधावर बसल्या, हे त्यांनीच मला सांगितलं. किडे देण्याआधी ते पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे असतात, नाहीतर पालीची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो. पिशवी हलवताना साहेब मला म्हणाले, "बीजप्रक्रिया हो, सर. पेरण्याआधी बी नाही का चोळत आपण?"

पांढरे फटक झालेले ते रातकिडे मी दारातूनच बघितले. शुभदा आत गेली, पेटीजवळ वाकली आणि विचारती झाली, "ही चुकचुकत नाही का हो?"

"नाही वहिनी, मुका आहे बिचारा. कुणाच्या घराला अपशकुन करत नाही."

दिवाळीआधी सोसायटीने नेहमीप्रमाणे जिन्यात आणि मजल्यांवर झुरळांची फवारणी लावली. पाठीवर टाकी घेतलेला माणूस आमच्या मजल्यावर पोचला तर साहेब दोन्ही हात पसरून दारात उभे. "हा मजला सोडा," म्हणाले. सेक्रेटरी चक्रावला. "साहेब, मागच्या वर्षी तुम्हीच म्हणालात ना, पातळ मारताय, जरा जोर लावा!" झुरळांनी गांजलेल्या बाकीच्या बिऱ्हाडांनी मजला सोडू दिला नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी साहेबांनी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि रताळ्या, रातकिडे, अळ्या सगळा संसार गच्चीवर नेला. वास जाईपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेटीवर छत्री धरून बसून होते. मी चहा घेऊन गेलो आणि लांबूनच कप सरकवला.

"माझं बोलणं आता कुणाला खरं वाटणार नाही, सर," ते म्हणाले. "मलाच वाटत नाही."

मीनलला भेटायला जायचं तर आधी अंघोळ, धुतलेले कपडे, हातांना साबण कोपरापर्यंत. तोंडाला पट्टी लावून तिच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. ती म्हणायची, या ना जवळ. हे जायचे नाहीत. अंगावर कुठे काही राहिलं असेल तर, असं म्हणायचे.

संक्रांतीच्या सुमाराला थंडीने कहर केला. निफाडची थंडी माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. रातकिड्यांच्या डब्यावरचा उबेचा दिवा गेला आणि सकाळी उठून बघतात तो सगळे रातकिडे पाय वर करून पडलेले. दुकानदार म्हणाला, थंडीत माल रस्त्यातच मरतो, थोडं थांबा. रताळ्याने अळ्यांकडे पाठ फिरवली. मीनलने सांगितलेलं ते फरसाण त्याला आता नकोसं झालं होतं. जाड शेपूट ही या प्राण्याची ठेव असते, उपासात तो तीच खातो. ती शेपूट बारीक व्हायला लागली. आणि नेमक्या त्याच दिवसांत मीनलच्या रक्तातल्या पेशी पुन्हा घसरल्या.

साहेब एका ओळखीच्या बागेत गेले. बांधावरच्या गवतात नाकतोडे होते, हिरवेगार, भरल्या पोटाचे. त्यांनी शेतकऱ्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारलं, मनात हिशेब केला. दिवस पुरे झाले होते. त्यांनी स्वतःच ठरवलेले दिवस. त्यांनी रुमालात नाकतोडे धरले, घरी आणले, भुकटीत घोळवले आणि पेटीत सोडले. रताळ्या झडप घालून खाऊ लागला. साहेबांनी आनंदाने माझी बेल वाजवली. "खाल्लं, सर! मीनलला सांगितलं, हसली ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बेल वाजली. या वेळी ते तसेच आपल्या घरात परत गेले. मी मागोमाग गेलो. रताळ्या पेटीत एका कुशीवर पडला होता. मान वाकडी, पायांना थरथर. आयुष्यात पहिल्यांदा मला पालीची कीव आली.

गाडी मी चालवली, पेटी त्यांच्या मांडीवर. प्राण्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. रताळ्याला तपासता तपासता त्यांनी विचारलं, "काय खायला दिलंत?"

"नाकतोडे. बागेतले. पण औषधाचे दिवस पुरे झाले होते."

"काका, ते दिवस द्राक्ष खाणाऱ्या माणसासाठी असतात," बाई म्हणाल्या. "हा केवढासा जीव. आणि नाकतोडा काय एका बागेत बसून राहतो? शेजारच्या बागेत काल काय मारलं, कोण सांगणार?"

त्यांनी सुई दिली, काय काय करायचं ते सांगितलं, आणि खात्री मात्र दिली नाही. येताना पंचवटी ओलांडली, आणि साहेब समोर बघत बोलायला लागले.

"मीनल लहान होती ना, तेव्हा मी बागेतून तसाच घरी यायचो. दिवसभर फवारणीच्या ब्लोअरच्या मागे उभा. ती पळत यायची आणि पायांना मिठी मारायची. शर्टात तोंड खुपसायची. तिची आई ओरडायची, अगं, घाण वास येतोय. तर म्हणायची, बाबांचा वास आहे."

"साहेब, या आजाराचं कारण असं सांगता येत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय तुम्हाला."

"सांगता येत नाही म्हणाले. नाही, असं नाही म्हणाले."

सिग्नल सुटला, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली.

रताळ्या मेला नाही. पण मान सरळ व्हायला वेळ लागला आणि तो कशालाच तोंड लावेना. साहेब बाईंनी दिलेलं पातळ औषध थेंबाथेंबाने त्याच्या ओठाला लावायचे. मीनलचा फोन आला की पेटीवर फडकं. "झोपलाय," सांगायचे. "आत्ताच जेवला." "अगं, कात टाकतोय, आज नको." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, रोज नवं खोटं शोधताना घामाघूम व्हायचा. फोन ठेवून माझ्याकडे बघायचे, जसं काही मी निकाल देणार आहे. शुभदा म्हणाली, "सांगून टाका हो तिला." तर म्हणाले, "तिच्या पेशी वर येऊ द्यात, मग सांगतो."

एक दिवस म्हणाले, "येवल्याच्या अलीकडे जायचंय, याल का?" तिथे रामनाथ नावाचा शेतकरी तुतीवर रेशमाच्या अळ्या पाळतो. रेशमाची अळी पालीला फार चांगली, मऊ, पचायला हलकी, कॅल्शियमची. पण साहेबांच्या डोक्यात वेगळंच होतं. "ती अळी इतकी नाजूक असते, सर, की पाल्याला औषधाचा नुसता वारा लागला तरी मरते. ती जिवंत आहे म्हणजे पाल्यावर काही नाही. आता मला दुसरा पुरावा नको."

हे त्यांना इतकं चांगलं ठाऊक का होतं, ते रामनाथने आम्हाला शेडच्या दारातच अडवलं तेव्हा कळलं.

"वळखलं का साहेब?" तो म्हणाला. "तुमी बघायचे त्या बागेचं औषध उडून माझी अख्खी बॅच मेली व्हती. बांधावर भांडन झालं, तवा तुमी बागवाल्याच्या अंगानं बोलले. म्हनले, वारं कोनाच्या हातात हाय का?"

साहेबांनी मान खाली घातली. "म्हणालो होतो."

"मंग आज काय काम काढलं?"

साहेबांनी सांगितलं. मुलीचं, पालीचं, नाकतोड्यांचं. काही लपवलं नाही. रामनाथ ऐकत राहिला. मधेच त्याने "पाल?" असं विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"हात धुवा आधी," तो शेवटी म्हणाला. "पायबी त्या चुन्यात बुडवा. दोघंबी."

आम्ही हात धुतले, चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून आत गेलो. ताटांमधून हजारो अळ्या पाला कुरतडत होत्या आणि शेडभर पाऊस पडल्यासारखी सळसळ चालली होती. रामनाथने मधल्या वयाच्या ओंजळभर अळ्या पाल्यासकट डब्यात घातल्या. साहेब त्याला म्हणाले, "तेव्हा मी चुकलो, रामनाथ." तो म्हणाला, "ते राहू द्या. पाला वाळला की आनखी घेऊन जा. पोरगीला जपा."

त्या संध्याकाळी रताळ्यापुढे साहेबांनी बोटांत धरून एक पांढरी अळी नेली. तो हलेना. साहेबांनी हात काढला नाही. शेवटी रताळ्याने मान किंचित वळवली, बोटाला ओळखावं तशी जीभ लावली, आणि अळी घेतली. साहेब मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पेटी माझ्या अगदी शेजारी होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

फेब्रुवारी संपता संपता मीनलच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधांवर भागणार नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी पेशी तिच्या शरीरात घालाव्या लागतील. मुंबईला जावं लागेल. सख्खं भावंड नाही. बापाचं अर्धंच जुळतं, पण हल्ली अर्ध्यावरही करतात. साहेबांच्या तपासण्या झाल्या, सगळ्या व्यवस्थित निघाल्या. वय थोडं जास्त आहे, पण चालेल, म्हणाले.

मला वाटलं, साहेब उडी मारून तयार होतील. तर ते माझ्या घरी येऊन सोफ्याच्या कडेला बसले.

"मी नाही देणार, सर."

"का?" मी विचारलं.

"किड्याने जे खाल्लं तेच पुढच्याच्या अंगी लागतं. हे मला तिनेच शिकवलं. मी तीस वर्षं काय हुंगलं, काय गिळलं? तेच तिच्या हाडांत घालू?"

"अहो, तुमचे रिपोर्ट चांगले आहेत."

"रिपोर्ट मालाचेही चांगले यायचे."

जावई येऊन गेला, समजावून दमला. बाहेरचा दाता शोधायला लागणारा वेळ मीनलकडे नव्हता. साहेब नुसते म्हणायचे, "माझ्या हातून आणखी नको." मुंबईला निघायचा दिवस आला तरी त्यांनी होकार दिला नव्हता, आणि डॉक्टरांनी दाता बरोबर आणा म्हणून सांगितलं होतं.

त्या सकाळी जावयाची गाडी आमच्या फाटकात येऊन थांबली. मागच्या सीटवर मीनल, तोंडाला पट्टी, काचा बंद. तिने फोन करून सांगितलं, "बाबा, रताळ्याला खाली आणा. काचेतून बघते, मग निघू."

आता फडकं टाकायची सोय नव्हती. साहेब पेटी घेऊन उतरले. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन मी धरला, आवाज मोठा करून. त्यांनी पेटी गाडीच्या काचेला भिडवली. आतून मीनल वाकली. तिच्या डोळ्यांभोवती काळं झालं होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"शेपूट केवढीशी झाली," फोनमधून आवाज आला. "काय झालं होतं त्याला?"

साहेबांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. वाटलं, आता म्हणतील, थंडीने झालं.

"विष," ते म्हणाले. "मीच दिलं. बागेतले नाकतोडे आणले. मला वाटलं, दिवस पुरे झालेत."

"आणि मला रोज सांगत होता, झोपलाय."

"हो."

जावई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. रस्त्याने एक दूधवाला गेला.

"मीनल, म्हणूनच सांगतो," साहेब म्हणाले, "माझं काही तुझ्या अंगात नको. माझ्या हाताला गुण नाही. दुसरा कुणी बघू."

"बाबा, आता काय खातो तो?"

"आता? रेशमाच्या अळ्या. आणि घरचे रातकिडे, नवे आणलेत."

"कोण भरवतं?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"तुमच्या हातचं खातो? एवढं झाल्यावर?"

"खातो," साहेब म्हणाले.

"मग मला काय धाड भरलीय?" मीनल खेकसली. खेकसताना तिला धाप लागली, थांबून तिने श्वास घेतला. "त्याला तुमच्या हातचं चालतं आणि मला चालणार नाही होय? जा, अंघोळ करून या. उशीर होतोय."

साहेबांनी काचेपासून पेटी बाजूला घेतली, माझ्याकडे वळले आणि काही न विचारता ती माझ्या हातांत दिली. मीही घेतली. ते जिन्याकडे जवळजवळ पळाले.

खाली आले तेव्हा केस ओले होते, धुतलेला पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता, एका हातात बॅग. दार उघडून ते पुढच्या सीटवर बसले. गाडी मागे सरकत फाटकाबाहेर निघाली तेव्हा त्यांना एकदम काहीतरी आठवलं. काच खाली घ्यायची नव्हती, म्हणून बंद काचेआडून ते मला हातवारे करून सांगायला लागले. बोटांनी काहीतरी चोळल्यासारखं केलं, मग पेटीकडे बोट दाखवलं, मग पुन्हा चोळलं. भुकटीचं असेल, पाल्याचं असेल, हात धुण्याचंही असेल. मला काही कळलं नाही. मी जोरात मान डोलावली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मागच्या सीटवर मीनलने डोळे मिटून डोकं टेकवलं होतं, आणि गाडी वळली तेव्हा साहेब पूर्ण मागे वळून तिच्याकडे बघत होते.